तोंडचं पाणी

आपण म्हणतो, तोंडचं पाणी पळालं.
कुठे पळतं, ते कोणी विचारत नाही.

ग्युम्रीत वरुझान बॉयलर दुरुस्त करतो
आणि कुणी गेलं की दुदुक वाजवतो.
जर्दाळूच्या लाकडाची दीड वीत नळी,
तोंडाशी बोरूची रुंद जिव्हाळी.
ती ओली नसेल तर बोलत नाही.
जिव्हाळीवर पाणी सोडता येतं.
जिभेवर कसं सोडायचं?

बॉयलर फुटायला आला तरी त्याचा हात हलत नाही.
पण काळ्या दगडांच्या घरांमधल्या अंगणात,
शवपेटीच्या डाव्या अंगाला,
चाळीस माणसं एकदम गप्प होतात
आणि जीभ टाळ्याला चिकटते
पाकिटावर तिकीट बसावं तशी.
वरचा ओठ दातांवर अडकून राहतो.
आवंढा गिळायला जावं तर आवंढाच नाही.
लोक म्हणतात, किती मनाला लागलंय बिचाऱ्याच्या.
बहुतेक वेळा तो मेलेल्याला ओळखतही नसतो.

दातांच्या डॉक्टरीण हासमिक.
त्यांनी आरसा घालून पाहिलं, विचारलं,
कॉफी किती? सिगारेट?
रात्री तोंड उघडं टाकून झोपतोस?
गोळ्या कसल्या चालू आहेत? साखर तपासलीस?
सगळं लिहून झाल्यावर पेन ठेवून म्हणाल्या,
शरीर फार जुनं असतं, वरुझान.
त्याला अंगण कळत नाही, शोकसभा कळत नाही.
चाळीस माणसं म्हणजे त्याला चाळीस लांडगे.
लांडगे दारात असताना चूल कोण पेटवतं?
ते स्वयंपाकघराला कुलूप लावतं
आणि पाणी तोडतं.
तू बॉयलरवाला, तुला व्हॉल्व्ह कळतो.
फुटलेला नाही. बंद आहे.

हे वाक्य त्याने खिशात ठेवलं, पान्याशेजारी.
घटाघटा पाणी पिणं सोडलं,
एक घोट तोंडात धरायचा, फिरवायचा, मग गिळायचा.
वाजवण्याआधीची वोडका सोडली, ते जड गेलं.
आंबट आलुबुखारची वाळवलेली पोळी,
आपल्या आंबापोळीची लांबची बहीण,
ती चघळायची, नसली तर नुसती आठवायची.
श्वास नाकाने. सोडताना लांब.
कधी जमायचं.
कधी अजिबात नाही.

मार्चमध्ये गणिताच्या बाई गेल्या, अर्शालुइस बाई.
या खेपेला तो ओळखत होता.
घोट घेतला, पोळी आठवली, श्वास मोजले,
आणि तोंडात भुसा तो भुसाच.

शेजारी स्म्बात, सत्तरीचा, एकच स्वर धरणारा.
गाल फुगलेले, नाकाने आत, गालांतून बाहेर,
स्वर तुटत नाही.
त्या स्वराला तिथे म्हणतात ‘दम’.
हे लिहिताना मीच थबकले.
आपल्याकडेही घाबरलेल्याला कोणी तरी सांगतंच,
दम धर.

स्म्बातने धरला होता.
अर्धं मिनिट. एक मिनिट.
कुणी खोकलं. कुत्रं उठून सावली बदलून बसलं.
वरुझानने प्रयत्न करणं थांबवलं,
आणि त्याला फळा दिसला.
उत्तर येत असायचं, तोंड उघडत नसायचं,
मागे वर्ग खुसखुसायचा,
तेव्हा बाई त्याच्याकडे न बघता म्हणायच्या,
फडकं कोरडं पडलंय, जा, भिजवून आण.
लांब व्हरांडा. टोकाला नळ.
नळाला आधी हवा यायची, मग गंज,
मग बर्फासारखं पाणी, बोटं बधिर होईतो.
कितीही वेळ लावला तरी बाई रागवायच्या नाहीत.
फडकं रोजच कसं कोरडं पडायचं,
हे त्याला आत्ता, छत्तिसाव्या वर्षी, अंगणात उभ्या उभ्या कळलं.

जिभेखाली, डाव्या बाजूला, काहीतरी ओलं हललं.

जिव्हाळी ओठांत घेतली.
पहिला स्वर फाटकाच निघाला.
स्म्बातने एक डोळा उघडून पाहिलं,
परत मिटला.